कुलपातला चुना

माझ्या बायकोच्या गळ्यावरची गाठ काढली त्या हिवाळ्यात आमच्या घरात तीन माणसं होती आणि तिघांचंही एकमेकांशी वाकडं होतं. मी, माझी बायको आणि माझी थोरली विधवा बहीण. एकुलती मुलगी सासरी गेलेली, त्यामुळे भांडणात मध्ये पडायलाही कोणी उरलं नव्हतं.

घर देवळीला. मी तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कारकून होतो. बैलबंडी आली की कापूस तोलायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि वहीत लिहायचा. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मापं मण-शेरांचीच होती. माझ्या काट्यावर शेराचीही चूक कधी कोणी दाखवली नव्हती. या गोष्टीचा मला फार गर्व होता आणि तो घरच्या माणसांना सोसावा लागे.

गाठ दोन वर्षांपासूनची. आधी गळ्याच्या खालच्या अंगाला लिंबाएवढी सूज होती, मग ती पेरूएवढी झाली. पण नुसत्या गाठीचा त्रास नव्हता. बायको चार भाकरी खाई आणि वाळत जाई. थंडीत पदरानं वारा घेई. बसल्या जागी तिची छाती धडधडे. हात असे कापत की पानाला चुना लावताना बोट पानाच्या बाहेर जाई. कंबर दुखते, नडग्या दुखतात, हाडं आतून पोखरल्यासारखी वाटतात, असं ती म्हणे. त्यावर बहिणीचं उत्तर ठरलेलं होतं : "खाते चौघींचं अन् काम करते अर्ध्या बाईचं. हाडं दुखतीन नाई तं काय होईन?"

वजन घटतंय, असं बायको म्हणाली. मला नुसतं म्हणणं पुरत नसे, आकडा लागे. चैत्रात मी तिला जिनात बोलावलं आणि कापसाच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. एक मण चौदा शेर. आश्विनात पुन्हा बोलावलं. तेव्हा हमाल भाकरी खायला बसले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "बाबू, माल ओला हाये का कोरडा?" सगळे हसले. मी वजनं सारखी केली आणि सवयीनं आकडा मोठ्यानं पुकारला, "एक मण चार शेर!"

ती काट्यावरून उतरली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि एकटी चालत घरी गेली. दहा शेर घट फार आहे एवढंच मला दिसलं. तिला काय दिसलं ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

कार्तिकात नागपूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. आधी पंधरा दिवस आयोडीनचे थेंब दुधातून दिले, मग गाठ काढली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की ओठांभोवती मुंग्या येतात. नर्सबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाराव्या दिवशी पलंगापाशी अर्धा मिनिट उभे राहिले. "गाठ पुरी निघाली. घरी न्या, दूध पाजा," एवढं म्हणून ते पुढच्या पलंगाकडे वळले. मुंग्यांचं मी सांगणार होतो, पण त्यांची पाठ दिसली आणि मी गप्प बसलो. काट्यावर मोठ्यानं बोलणारा मी दवाखान्यात तोंड उघडत नसे.

घरी आल्यावर पथ्याचा ताबा बहिणीनं घेतला. तेल नको, वांगं नको, आंबट नको. हे सगळं ठीक होतं. शेवटी ती म्हणाली, "अन् पान बंद."

बायकोला लग्नाआधीपासून पानाची सवय होती. दिवसाला सहा पानं. तंबाखू नाही, सुपारी थोडी, कात थोडा आणि चुना मात्र जरा जास्तच. पितळेचा पानाचा डबा ती माहेराहून घेऊन आली होती. घरात तिची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती.

"पानानं काय होते, बाई?" बायकोनं विचारलं.

"चुना लागते गळ्याले. हातावर चुना पडला तं कातडी सोलून निघते. आत कच्चा टाका हाये तुह्या. सडला गळा मंग?"

"टाका बाहेरून हाये. पान आतून जाते."

"लय शिकली तू नागपूरले जाऊन! पंधरा वर्सं झाले माह्या नवऱ्याले जाऊन, एक पान नाई लागलं तोंडाले. मी मेली का पानाबिगर?"

विधवेनं पान खायचं नाही ही आमच्याकडची रीत. माझी बहीण तिशीच्या आत विधवा झाली. तेव्हापासून रोज सहा वेळा तिच्यासमोर तो डबा उघडला जाई, सुपारी कातरल्याचा आवाज होई. हे मला आज कळतं. तेव्हा मला तिचं म्हणणं शास्त्रशुद्ध वाटलं. चुन्यानं हात भाजतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि गळा हातापेक्षा नाजूक असतो. मी डबा उचलला, भिंतीतल्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. बायको बघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला संमती वाटलं.

पानाच्या जागी मी दूध सुरू केलं, रोजचं दीड शेर. मापानं घेई, समोर उभा राहून पाजत असे.

मुंग्या वाढल्या. आधी ओठांना, मग बोटांना. आणि मग एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा हात वळला. बोटं सरळ ताठ झाली, टोकाशी जुळली आणि अंगठा त्यांच्याखाली शिरला, घास भरवायला हात पुढं करावा तसा. मनगट आत मोडलं. तिनं दुसऱ्या हातानं बोटं उघडायचा प्रयत्न केला तर दुसराही हात तसाच झाला. पीठ लागलेले दोन्ही हात छातीशी धरून ती चुलीसमोर बसली होती आणि तव्यावर भाकरी जळत होती.

"हे काय नवीन काढलं?" बहीण म्हणाली.

दहा-बारा मिनिटांनी हात सुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. आठवड्याभरात बहिणीचं मत नाटकावरून अंगात येण्यावर गेलं, आणि पुढं ज्या दिवशी जे सोयीचं असेल ते. मी त्या दोन्हीत पडलो नाही. मी कागद घेतला.

काट्यावरच्या जुन्या पट्ट्यांची, म्हणजे तोलाच्या चिठ्ठ्यांची, मागची बाजू कोरी असे. त्यांवर मी रकाने पाडले : वार, वेळ, झटका किती मिनिटं, त्याआधी काय घडलं, दूध किती. एका मंगळवारी सुरुवात केली आणि एकेचाळीस दिवस एकही दिवस चुकवला नाही. दुपारी जिनात असलो तर संध्याकाळी बहिणीला विचारून भरत असे. बहीण नसेल तर बायकोला. ती सांगे : "नाई आला." किंवा, "दोनदा आला. लिवा."

महिन्याच्या आत आकडे बोलू लागले. बहिणीची चार मैलांवर पाच एकर शेती होती आणि कापसाच्या वेचणीमुळे दर सोमवारी आणि गुरुवारी ती सकाळी बंडीनं जाऊन दिवेलागणीला परतत असे. पहिल्या सत्तावीस दिवसांत असे सोम-गुरू सात आले. त्या सात दिवसांत एकही झटका नव्हता. उरलेल्या वीस दिवसांपैकी अठरा दिवस झटके होते. मी रकाने तीनदा तपासले. बेरीज चुकली नव्हती. बहीण घरात असली की हात वळतो, बहीण नसली की वळत नाही.

याचा अर्थ माझ्यासारख्या माणसाला एकच दिसला. बायको हे बहिणीच्या रागापायी करते. मनात आणून करते किंवा न आणता, पण करते.

एका रविवारी मी कागद तिच्यापुढं धरला.

"हे पाय. सोमवारी कोरा, गुरुवारी कोरा. सांग आता."

तिला वाचता येत होतं. तिनं सगळे रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला चोरी पकडल्याची भीती दिसली, आणि भीती तिथं खरंच होती. फक्त चोरी मला वाटली ती नव्हती.

"काय सांगू? तुमचा हिशोब, तुम्ही पाहा."

"म्हणजे कबूल हाये?"

"मले हात वळवता येते असं वाटते तुमाले?" ती म्हणाली. "येत असता तं तुमच्या नरड्यावर ठेवला असता."

त्याच संध्याकाळी मी तिच्या भावाला पत्र लिहिलं. तो केळझरच्या बाजूला शेती करून राहत असे. पत्रात लिहिलं की आपल्या बहिणीच्या प्रकृतीस येथे मानवत नाही, तरी येऊन घेऊन जावे व तिकडेच ठेवावे. 'तिकडेच ठेवावे' याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. परत धाडू नये. तेवीस वर्षांच्या संसाराला मी पोस्टकार्डाची एक बाजू वापरली. आठ दिवसांत उत्तर आलं की संक्रांतीनंतरच्या बुधवारी येतो. उत्तर बायकोनंच पोस्टमनच्या हातून घेतलं आणि वाचून माझ्या कागदांवर ठेवलं. वर वजन म्हणून अडकित्ता ठेवला. अडकित्ता मी कपाटात टाकायचा विसरलो होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

पस्तिसावा दिवस सोमवार होता. बंडीचा बैल लंगडायला लागला म्हणून बहीण दुपारीच परतली. घर उघडं, बायको नाही. शेजारी एक पेन्शनीतले हवालदार राहत. त्यांच्या घरच्या बाईंना माझी बायको मावशी म्हणे. बहिणीनं मधल्या भिंतीवरून डोकावलं तर दोघी ओट्यावर, मध्ये पानाचं तबक. बायकोचे ओठ लाल आणि उजव्या हाताच्या बोटाला चुना.

मी जिनातून आलो तेव्हा अर्धी गल्ली ऐकत होती.

"चोरून खाते रांड, अन् इथं आमी दूध पाजून राह्यलो!"

"तोंड सांभाळ व," भिंतीपलीकडून मावशी ओरडल्या. "लेकरावाणी पान मागते ते बाई माह्यापाशी. हप्त्यातून दोनदा येते. तुह्या घरात पान मिळत नाई म्हणून येते नं!"

"तूच सडव तिचा गळा!"

"सडला का? दीड महिना झाला खाऊन राह्यली, दाखव कुठी सडला!"

हा प्रश्न बरोबर होता. आणि 'हप्त्यातून दोनदा' हा आकडा मी त्या भिंतीपाशी उभा राहून माझ्या कानांनी ऐकला. माझ्या कागदावरचे कोरे सोम-गुरू आणि हप्त्यातून दोनदा पान. एवढी साधी जुळणी मला झाली नाही. मी ज्याचं उत्तर काढून बसलो होतो त्याचं गणित पुन्हा मांडायची मला गरज वाटली नाही.

मी मावशींना बजावलं की पुन्हा हिला पान दिलंत तर मधल्या भिंतीवर आणखी चार हात भिंत चढवीन. बायकोला बजावलं की उंबरठा ओलांडायचा नाही. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "पुढच्या बुधवारी जातोच हावो मी. तवरोक तं खाऊ द्या. पान खाल्लं का मले बरं वाटते."

"जिभेले बरं वाटते."

"हाताले," ती म्हणाली.

हे मी कागदावर लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

मंगळवारी दोन झटके. बुधवारी तीन. गुरुवारी बहीण शेतात गेली आणि तरीही दोन झटके आले. माझ्या नियमाला पहिल्यांदा तडा गेला. काट्यावर असं झालं असतं तर मी तोल थांबवून काटाच तपासला असता. इथं मी शेवटच्या रकान्यात 'राग' असा शब्द लिहिला आणि पुढं गेलो. शुक्रवारी तीन, शनिवारी चार. दूध रोज दोन शेरांवर नेलं होतं.

रविवारी हंगामामुळे जिन चालूच होता. मी दुपारी जेवायला आलो. बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "कपाटाची किल्ली द्या. डबा माह्या बापाचा हाये. तो घेऊन जाईन."

"बुधवारी तुह्या भावाच्या हातात देईन."

"माह्या हातात द्या."

बहीण आतून म्हणाली, "देऊ नको भाऊ. रस्त्यातच उघडीन ते."

बायको रडू लागली. ती रडणारी बाई नव्हती, त्यामुळे तिला रडणं नीट जमेना. भराभर श्वास घेऊ लागली. मग दोन्ही हात वळले, पायांचे पंजे वळले आणि गळ्यातून शिट्टीसारखा आवाज आला. श्वास आत जात होता तो त्या शिट्टीतून. ओठ काळसर पडले. तिचे डोळे माझ्या छातीवर, जानव्याच्या किल्लीवर होते. ते डोळे मी विसरलेलो नाही आणि विसरावे असं मला कोणी सांगूही नये.

बहीण म्हणाली, "आलं अंगात. भस्म लाव."

मी बहिणीला आयुष्यात एकदाच शिवी दिली, ती तेव्हा. बायकोला उचललं. ती हलकी होती, आकडा मला माहीत होता. जिनाच्या फाटकात कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक वर्धा स्टेशनला निघाला होता. ड्रायव्हरनं पुढं जागा केली. अकरा मैल मी तिला मांडीवर आडवी धरून बसलो होतो. ड्रायव्हर दर खड्ड्यागणिक विचारत होता, "जिंदा है ना बाबू?" सावंगीच्या आसपास शिट्टी कमी झाली आणि तिनं डोळे मिटले. श्वास चालू होता. मी मोजत होतो. माझ्याजवळ करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

वर्ध्याला एक डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, चष्म्याच्या, कोणाचंच फार ऐकून न घेणाऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा हात बरेचसे सुटले होते. मी खिशातून कागद काढले आणि सुरुवात केली, "डॉक्टरीणबाई, माझी बहीण घरी असली की..."

"मी त्यांना विचारतेय. तुम्हाला नाही."

त्यांनी बायकोच्या गळ्यावरचा व्रण पाहिला. कानापुढं गालावर बोटानं टकटक केलं. ओठाचं टोक टकन उडालं. पुन्हा टकटक, पुन्हा उडालं. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून हवा भरली आणि तसाच आवळून ठेवला. त्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. मीही घड्याळ पाहत होतो. दोन मिनिटं झाली आणि बायकोचा तो हात हळूहळू माझ्या डोळ्यांदेखत वळला. बोटं ताठ, टोकं जुळलेली, अंगठा आत. दुसरा हात मोकळाच.

"तुमची बहीण कुठं आहे आत्ता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"देवळीला."

"मग हे कोणी केलं?"

मी हातातले कागद खाली घेतले. त्यांनी पट्टा सोडला, शिरेत सुई घातली आणि मोठ्या सिरिंजमधलं पाण्यासारखं औषध थेंबाथेंबानं ढकलायला लागल्या. आठ-नऊ मिनिटं लागली. बायको म्हणाली, "अंगात गरम गरम वाटते." आणि मग तिची बोटं उघडली. सगळी, एकाच वेळी. तिनं हात उचलून स्वतःच पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला.

"हे कॅल्शियम आहे," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. "आपल्या भाषेत चुना. रक्तात तो ठरावीक लागतो. कमी पडला की नसा आणि स्नायू आपलेआप आवळतात. माणसाच्या मनावर ते नसतं. गळ्यातली मोठी गाठ, थायरॉइड, तिच्या मागं मसुरीच्या दाण्याएवढ्या चार बारक्या ग्रंथी असतात. रक्तात चुना किती ठेवायचा ते त्या आपल्या रसानं ठरवतात. मोठी गाठ काढताना त्या दुखावल्या असतील, नाहीतर गाठीबरोबर गेल्या असतील. दुसरं असं की तुमची थायरॉइड दोन वर्षं गरजेपेक्षा जास्त चालत होती. ती तशी चालली की हाडांमधला चुना झिजून जातो. हाडं दुखत होती का?"

"दोन वर्सं," बायको म्हणाली. "कोणी आयकलं नाई."

"आता गाठ नाही म्हणून हाडं आपलं गेलेलं परत ओढतायत. रक्तातून ओढतात. म्हणजे एकीकडून राखणारं कोणी नाही आणि दुसरीकडून ओढ."

मग त्यांनी माझे कागद मागितले. उलटून-पालटून वाचले. मला वाटलं निदान लिखाणाबद्दल काही म्हणतील.

"हे सोमवार-गुरुवार कोरे. त्या दिवशी तुम्ही काय खात होता?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "पान. शेजारच्या मावशीकडं. चार-पाच खाऊन घेत होतो. चुना जास्त लावून."

"आणि ते बंद कधी झालं?"

"मागच्या सोमवारी. यांनी केलं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पानातला चुना हे औषध नव्हे, आणि किती जातो याचा नेम नाही. पण या बाई दीड महिना त्याच्यावर तगल्यात. ते काढून घेतलंत आणि दिलंत काय? दूध, दोन शेर?"

"दुधानं हाडं..." मी म्हणालो.

"दुधात कॅल्शियम असतं, तसा फॉस्फरसही असतो. यांच्या शरीरात तो साठतो, आणि तो वाढला की कॅल्शियम आणखी खाली जातं. तुम्ही मापानं पाजलंत ना?"

"मापानं," मी म्हणालो.

"लिहिलंय चांगलं," कागद परत देत त्या म्हणाल्या. "वाचलं नाहीत."

तीन दिवस बायको तिथं राहिली. रोज सुई, मग कॅल्शियमची पावडर पाण्यातून दिवसाला तीनदा आणि व्हिटॅमिन डीचे थेंब. तीन दिवसांत एक झटका, तोही अर्ध्या मिनिटाचा. मी बाकड्यावर बसून असे. नागपूरच्या त्या पाठ फिरवणाऱ्या डॉक्टरांवर मी मनात फार संतापलो. मग आठवलं की मुंग्यांची गोष्ट मीच त्यांना सांगितली नव्हती.

बुधवारी आम्ही देवळीला परतलो तर ओसरीवर तिचा भाऊ बसलेला. शेजारी तिळाच्या लाडवांचा डबा, न उघडलेला, आणि हातात माझं पोस्टकार्ड. माझ्या बहिणीनं त्याला पाणी दिलं होतं आणि आपली बाजू सांगून झाली होती.

मी त्याला म्हटलं, "पत्र मी वापस घेतो. बिमारी निघाली ती. औषध सुरू हाये."

"पत्र काय उधार नेलेलं कुदळ-फावडं हाये, वापस घ्याले?" तो म्हणाला. पण त्यानं आपल्या बहिणीकडे पाहिलं. ठरवणार ती होती.

"जातो मी," ती म्हणाली. "तुमी लिवलं म्हणून नाई. मले इथं राह्यचं नाई म्हणून."

मी जानव्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली. तिनं कपाट उघडलं, डबा काढला, आतला सुकलेला चुना नखानं खरवडून अंगणात टाकला. मी औषधाच्या मात्रा, वेळा आणि मापं एका कोऱ्या कागदावर रकाने पाडून लिहिल्या होत्या. तो पुढं केला.

"ठेवा तुमच्यापाशी. मले याद हाये."

माझ्या बहिणीनं त्या वेळीही म्हटलं, "सडला असता गळा तं मंग मलेच बोलले असते सारे." आजही ती तेच म्हणते. तिनं कधी कबूल केलं नाही, आणि मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही दोघं भाऊ-बहीण त्या घरात अडीच महिने राहिलो. ती वाढे, मी जेवे. दोघांनाही दुसऱ्याचा राग होता आणि तो सांगायला तिसरं माणूस नव्हतं. मी केळझरला दोन पत्रं टाकली. दोन्ही वेळा विचारलं की झटका आला का. उत्तर आलं नाही.

होळीनंतर एका दुपारी बायको प्रवासी मोटारीतून उतरून एकटी चालत घरी आली. डोक्यावर वळकटी, हातात पितळेचा डबा. अंगावर थोडं मांस आलं होतं. किती, ते मी विचारलं नाही. मी ओसरीवर उभा राहिलो. मला वाटलं काही बोलेल.

"पावडर सरली," ती म्हणाली. "तिकडं मिळत नाई. वर्ध्याहून आणा लागते. म्हणून आली."

"आणतो," मी म्हणालो.

ती आत गेली. डबा कपाटात नाही, माजघरात मधोमध ठेवला, माझ्या बहिणीच्या बसायच्या जागेसमोर. पान काढलं, देठ खुडला, चुना लावला. बोट पानाच्या बाहेर गेलं नाही. बहीण उठून परसात गेली. बायकोनं पान तोंडात टाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मोजू नका."

त्याला आता काही वर्षं झाली. पावडर मी दर महिन्याला वर्ध्याहून आणतो, घेते ती आपल्या हातानं. आम्ही कामापुरतं बोलतो. तिचा हात त्यानंतर दोनदा वळला. दोन्ही वेळा तिनं स्वतः डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं आणि मला नुसतं कळवलं. कागदाला मी हात लावत नाही. पण डब्याच्या झाकणाचा आवाज घरात कुठंही बसलं तरी ऐकू येतो, आणि मला ते मोजणं बंद करता आलेलं नाही. आज सहा. काल पाच होते, तर मी संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांकडे बघत होतो.